आलेला फोन आणि लावलेला फोन

सुवर्णाताई ताजणे यांना फोनवर काही सांगायचं असेल तर दोनदा सांगायची तयारी ठेवावी लागते. पहिल्यांदा त्या फोन उचलतात, कोण बोलतंय ते विचारतात, "ठेवा, मी लावते," म्हणतात आणि ठेवून देतात. मग स्वतःच्या वहीतून तुमचा नंबर काढून स्वतः लावतात आणि तिथून पुढे बोलणं सुरू होतं. सख्ख्या भावालाही हाच नियम आहे. भाऊ म्हणतो, बहिणीशी बोलणं आणि तहसीलदाराला भेटणं सारखंच, आधी चिठ्ठी आत पाठवावी लागते.

मी राकेश मौले, बारा गावांना पाणी पुरवणाऱ्या एका योजनेचा कनिष्ठ अभियंता. योजनेचं नाव लिहीत नाही. सहा वर्षांच्या नोकरीत तेवढं शहाणपण आलं आहे. माझा फ्लॅट नाशिकच्या गंगापूर रोडला. हा रस्ता बंगले, हॉटेलं, मंगल कार्यालयं मागे टाकत द्राक्षांच्या मांडवांपर्यंत जातो आणि तिथून पुढे, माझ्या घरापासून बावीस किलोमीटरवर आमचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. धरणाचं पाणी तिथे येतं, गाळलं जातं, त्यात टीसीएलचं द्रावण पडतं आणि दुपारी चार वाजता ते बारा गावांकडे सुटतं. टीसीएल म्हणजे जंतू मारायची ब्लिचिंग पावडर. ती कमी पडली तर गावाला जुलाब, जास्त पडली तर घसा आणि पोट भाजून निघतं. तिचं प्रमाण सांभाळणं हे सुवर्णाताईंचं काम, आणि ते त्या एकोणीस वर्षं करत होत्या.

त्या मखमलाबादच्या. वडील कोंडाजी शेवंती आणि झेंडू लावायचे, मधल्या सऱ्यांमध्ये कोथिंबीर. सुवर्णाताई बारावी सायन्स झाल्या त्या पहाटे फुलं तोडून उरलेल्या वेळात. लग्न होऊन या बाजूला आल्या आणि योजना सुरू झाली तेव्हा ऑपरेटर म्हणून कंत्राटावर लागल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. सरकारी कुलपाची किल्ली असलेली आपल्या भावकीतली पहिली बाई मीच, हे त्या आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवतात. ऐकून घ्यावं लागतं.

त्यांच्या दोन सवयींनी मला सुरुवातीला वैताग आणला होता. पहिली सवय रजिस्टरची. केंद्रात जे घडेल ते वेळेसकट लिहायचं. मोटार चालू झाली, वीज गेली, पाहुणे आले, इथपर्यंत ठीक आहे. पण "१०.३० माकड आले. १०.४२ माकड गेले" हेही त्यात असायचं. दुसरी सवय ओटी टेस्टची. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. फिकट पिवळा आला तर टीसीएल बरोबर आहे, पांढरंच राहिलं तर कमी, केशरी झालं तर जास्त. ही चाचणी त्या पाळीत दर दोन तासांनी करायच्या. शेजारी नवाकोरा संगणक बसवला, टीसीएलचं प्रमाण त्याच्या पडद्यावर दशांशात दिसू लागलं, तरी बाईंची नळी सुटली नाही. मी एकदा म्हणालो, "ताई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोर आकडा दिसतोय की."

"कांकण माझ्या हातात हाय साहेब," त्या नळी वर धरून म्हणाल्या, "आरसा तुम्ही आणलाय."

तिसरी सवय फोनची. ती मुळात त्यांच्या वडिलांची, आणि तिच्यामागे एक गोष्ट आहे.

कोंडाजींच्या काळात त्यांच्या आळीत एकच फोन होता, किराणा दुकानात. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे तीन टेम्पो भरून उभे होते. दुकानात फोन आला की मुंबईत गडबड झाली आहे, मार्केट बंद आहे, माल पाठवू नका. बोलणाऱ्याने व्यापाऱ्याचं नाव बरोबर सांगितलं, कोंडाजींची चौकशीही केली. टेम्पो थांबले. मार्केट मात्र धडधडीत चालू होतं आणि त्या दिवशी फोन करणाऱ्याचाच माल तिथे एकटा पोहोचला. आळीतला झेंडू दसऱ्याला गुरांपुढे पडला. त्या दिवसापासून सुवर्णाताईंच्या माहेरी नियम झाला: आलेल्या फोनवर गाडी थांबवायची नाही आणि काढायचीही नाही. फोन ठेवायचा, आपल्या वहीतल्या नंबरवर आपण लावायचा, मग काय ते ठरवायचं. आजही त्या आळीतली तरणी मुलं मोबाइलवर हेच करतात आणि त्यांच्या बायका वैतागतात.

आता माझं सांगतो. मी आलो तो योजना आधुनिक करायला. संगणक बसवला, डोसिंग पंप त्याला जोडला. म्हणजे टीसीएल किती पडावं हे पडद्यावरून ठरवता येऊ लागलं. मग रोज बावीस किलोमीटर कोण जाणार? मी त्या संगणकात एक सॉफ्टवेअर टाकलं. घरी सोफ्यावर बसून केंद्राचा पडदा लॅपटॉपवर दिसायचा आणि बटणंही दाबता यायची. वरिष्ठांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पासवर्ड ठेवला तो धरणाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सुवर्णाताईंनी मागे उभं राहून सगळं पाहिलं आणि विचारलं, "उंटावरून शेळ्या हाकायची सोय केली का साहेब?"

मी हसलो. मनात म्हणालो, बाई, तुमची शेळीच राहणार नाही आता. कारण त्याच महिन्यात मी प्रस्ताव तयार केला होता की सगळं दुरून दिसतं, तर तीन पाळ्यांच्या तीन ऑपरेटरची गरज नाही. त्यांची कंत्राटं पुढे वाढवू नयेत. प्रस्तावात एक वाक्य होतं, "हस्तचाचणी व संगणकीय नोंद यांत मागील तीन वर्षांत फरक आढळलेला नाही." ते वाक्य मी सुवर्णाताईंच्याच रजिस्टरावरून काढलं होतं. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. बारा गावांत कागद आधी फुटतो, मग मंजूर होतो.

योजनेच्या समितीची बैठक मंगळवारी दुपारी दोनला ठेवली होती. केंद्रात त्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण रजिस्टरात ते मिनिटामिनिटाने आहे, आणि उरलेलं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेही दोनदा.

अकरा चाळीसला केंद्राचा लँडलाइन वाजला. पलीकडे हिंदी बोलणारा माणूस. म्हणाला, मॅडम, मैं दिल्ली से बोल रहा हूँ, सरकारी सायबर सुरक्षा एजन्सी से. आपके पंप के कंप्यूटर में कोई बाहर का आदमी घुसा है.

सुवर्णाताईंनी फोन ठेवला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आजकाल दिल्लीहून सरकारी माणूस बोलतोय म्हटलं की नाशिकचं शेंबडं पोरही ओळखतं की हा लुटायला बसलाय. आमच्या मुख्य कार्यालयात तर मीच पोस्टर लावलं होतं की अनोळखी अधिकाऱ्याचा फोन आल्यास तात्काळ बंद करा.

अकरा बावन्नला पुन्हा तोच. पुन्हा ठेवला. रजिस्टरात नोंद आहे: "तोच इसम. आवाज घाईचा. घाई करणारा लबाड असतो."

बारा दहाला तिसरा फोन आला आणि या वेळी माणूस बदलला होता. "मावशी, फोन ठेवू नका," तो म्हणाला. "मी सटाणाना शे. मनं नाव ललित. जरा ऐकी ल्या."

हे मात्र ताईंना अनपेक्षित होतं. सटाण्याकडची अहिराणी त्यांना कळते. त्यांची धाकटी जाऊ तिकडची आहे. दिल्लीत बसून कोणी इतकी खरी बोली बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या पोराचा आवाज गरीब होता, त्यांच्या शब्दांत. क्षणभर विश्वास ठेवावासा वाटला. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना दुकानातला तो फोन आठवला, ज्यात वडिलांची आपुलकीने चौकशी झाली होती.

"सटाण्याचा असशील बाळा, नाय कोण म्हणतं," त्या म्हणाल्या. "पण फोन तू लावलाय."

"मग तुम्ही लावा मावशी. नंबर लिहून घ्या."

"नंबर तू द्यायचा नाय. माझा मी शोधते."

त्यांनी फोन ठेवला, आणि आधी काय केलं असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्या दिल्लीच्या नंबराविरुद्ध तक्रार नोंदवली. देशाच्या सायबर सुरक्षेची संस्था लबाड आहे अशी तक्रार देशाच्या सायबर यंत्रणेकडे नोंदवणारी व्यक्ती त्या दिवशी तरी बहुधा आमच्याच केंद्रात होती. तक्रार क्रमांकही रजिस्टरात आहे.

मग त्यांनी कपाट उघडलं. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या कार्यालयातून एक परिपत्रक आलं होतं. पाणी, वीज, दवाखाने अशा ठिकाणच्या संगणकांना धोका दिसला तर कोणाला कळवायचं, त्याचा नंबर त्यात होता. मी ते न वाचता टेबलावर टाकून दिलं होतं. ताईंनी ते कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवलं होतं, गॅसवाल्याच्या आणि सर्पमित्राच्या नंबरशेजारी. पण त्यांनी तोही नंबर एकदम लावला नाही. कागद खोटा असू शकतो. आधी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारायचं ठरवलं, आणि तिथे जेवणाची सुट्टी होती.

दोन वाजता ओटी टेस्टची वेळ झाली. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग केशरी आला.

त्यांनी दुसरी नळी घेतली, औषधाची नवी बाटली फोडली, पुन्हा पाहिलं. पुन्हा केशरी, आणि गडद. संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य पूर्णांक पाच, म्हणजे अगदी बरोबर. संगणक बसल्यापासून तीन वर्षांत हाताचं आणि यंत्राचं असं कधी वाकडं गेलं नव्हतं. दोन बारा, दोन तेरा आणि दोन चौदाला त्यांनी मला मोबाइलवरून फोन लावला. मी तिन्ही कापले.

मी तेव्हा बैठकीत उभा होतो. पंखा जोरात, समोर चहाबिस्किटं, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि त्यात आमच्या केंद्राचा जिवंत पडदा. "बघा," मी समितीला सांगत होतो, "आपण इथे बसलोय आणि तिथला क्षणाक्षणाचा हिशोब आपल्याला दिसतोय. शून्य पूर्णांक पाच. हे सांगायला आता माणूस कशाला हवा?" अध्यक्ष कारभारी आप्पा मान डोलावत होते. मला स्वतःचं बोलणं फार आवडलं होतं.

तिकडे दोन अठराला जिल्ह्याच्या कार्यालयातल्या बाईंनी परिपत्रकातला नंबर खरा असल्याचं सांगितलं. दोन बावीसला सुवर्णाताईंनी दिल्लीला फोन लावला. स्वतः. इंग्रजीत एक दाबा, हिंदीत दोन दाबा, असं करत त्या एका माणसापर्यंत पोहोचल्या आणि म्हणाल्या, "नाशिक से बोल रही हूँ. आपके इधर सटाणे का ललित है क्या?"

ललित होता. तो इतक्या जोरात "मावशी" म्हणाला की ताईंना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"आता बोल," त्या म्हणाल्या.

त्याने थोडक्यात सांगितलं. परदेशातली काही ठिकाणं अशी आहेत जिथून दुसऱ्यांच्या यंत्रात शिरकाव केला जातो. ती ठिकाणं देशातल्या कुठल्या यंत्राशी बोलायला लागतात यावर त्याची संस्था नजर ठेवून असते. गेले नऊ दिवस त्यातलं एक ठिकाण आमच्या केंद्रातल्या संगणकाशी बोलत होतं. आधी नुसतं बघत होतं. आज सकाळपासून हुकूम देत होतं. बारानंतर टीसीएल वाढवलं होतं आणि पडद्यावर जुनाच आकडा गोठवून ठेवला होता.

"म्हणजे तुम्ही आमचे फोन ऐकता काय?" ताईंनी विचारलं. टाकीत नळी केशरी करणारं पाणी होतं, तरी त्यांनी हे आधी विचारलं.

"नाही मावशी. तुमच्याकडं पाइपाची गळती शोधायला माणूस येतो ना, काठी लावून ऐकतो? पाणी कोण पितं, त्यात कोण चहा करतं, हे त्याला कळत नाही. पाणी जिथं जायला नको तिथं जातंय, एवढंच कळतं. आम्ही तसे. पण आम्हाला फक्त ऐकू येतं, चाकाला हात तुमचाच लागतो. सकाळपासून तुम्ही हात लावेनात."

"सकाळी तू लावला व्हता फोन," त्या म्हणाल्या. "आता मी लावलाय. सांग काय करू."

त्याने सांगितलं, संगणक बंद करू नका, त्यात चोराची पावलं आहेत. फक्त मागची इंटरनेटची वायर काढा. ताईंनी वायर काढली, डोसिंग पंप हाताने बंद केला आणि बाहेर जाऊन टाकीचा मोठा व्हॉल्व्ह फिरवायला लागल्या. तो पूर्ण बसायला एकशे दहा फेरे लागतात. त्यांचं वय एक्कावन्न. रजिस्टरात नोंद आहे: "२.५८ व्हॉल्व्ह बंद. चारचे पाणी सुटणार नाही. जबाबदारी माझी. सु. कों. ताजणे." एरवी त्या मधे नवऱ्याचं नाव लावतात, घाईत वडिलांचं लागलं असावं.

दोन एकतीसला माझ्या प्रोजेक्टरवरचा पडदा काळा झाला होता. "नेटवर्क," मी हसून म्हणालो आणि पुढची वीस मिनिटं आकडे तोंडपाठ सांगितले. तीनला कारभारी आप्पांचा मोबाइल वाजला. एका गावचा व्हॉल्व्हमन होता. आज पाणी नाही, ताजणेबाईंनी बंद केलंय म्हणत होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी तोंड पाडलं, आणि मनातून मला बरं वाटलं. नोकरी जाणार म्हणून बाईंनी डूख धरला, असंच मी समितीला सांगितलं. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात.

आप्पांनी तिथूनच ताईंच्या मोबाइलवर फोन लावला. "ताजणेबाई, मी अध्यक्ष बोलतोय. व्हॉल्व्ह उघडा."

"ठेवा आप्पा, मी लावते."

फोन कट. चाळीस वर्षं राजकारणात घालवलेल्या माणसाचा फोन असा कोणी ठेवला नव्हता. आप्पा मोबाइलकडे बघतच राहिले. मग तो वाजला.

"हां आप्पा, आता बोला."

"उघडा म्हणतो ना मी. बारा गावं बोंबलतील."

"नाय उघडत. इकडं या, या पाण्याचा एक पेला माझ्यासमोर प्या, मग उघडते."

आप्पा खेडवळ माणूस आहेत, पण मूर्ख नाहीत. त्यांनी जीप काढायला सांगितली आणि मला शेजारी बसवलं.  केंद्रात पोहोचलो तेव्हा ताई खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि टेबलावर स्टँडमध्ये सात नळ्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या केशरी. आप्पांनी नळाखाली हात धरला, नाकाशी नेला आणि झटकला.

"लय वास मारतंय हे," ते म्हणाले. "माझी नातवंडं पितात हे पाणी."

ललित अजून फोनवर होता. ताईंनी स्पीकर लावला होता. कोण आलंय ते त्यांनी त्याला सांगितलं. त्याने आप्पांना, मला नमस्कार घातला आणि सरळ मुद्द्यावर आला. "चोर दुरून बघायच्या एका सॉफ्टवेअरमधून आत आलाय. ते तुमच्याकडच्याच कुणीतरी टाकलंय. कुणी, कधी आणि पासवर्ड काय, हे आत्ता कळलं तर आणखी कुठे घुसलाय का ते शोधता येईल. कुणाला ठाऊक आहे?"

 आप्पांना प्रश्नच कळला नव्हता. मला पूर्ण कळला होता. मनात चाललं होतं की कंत्राटदाराचं नाव घ्यावं, तो माणूस तर आता इगतपुरीच्या कामावर आहे, त्याला कोण विचारायला जातंय.

 सुवर्णाताईंनी मागच्या महिन्याचं रजिस्टर काढलं, पानं उलटली, एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. निळ्या शाईत, त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "३.१० राकेश साहेबांनी घरून बघण्याची सोय संगणकात केली. वरिष्ठांची परवानगी: सांगितली नाही." वरच्या ओळीत माकड आल्याची नोंद होती.

त्या ते वाचून दाखवू शकल्या असत्या. मीच बोलावलेल्या बैठकीत त्यांची खुर्ची जाणार होती. सूड घ्यायला याहून चांगली वेळ कोणाला मिळते? त्यांनी फक्त बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी फोनजवळ वाकलो आणि ती नोंद मोठ्याने वाचली. तारीख, वेळ, माझं नाव. मग पासवर्ड सांगितला. मी धरणाचं नाव उच्चारताच आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"आभारी आहे साहेब," ललित म्हणाला. "बरेच जण इथं वायरमनचं नाव सांगतात."

त्या संध्याकाळी बारा गावांत पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उपसून धुतली, टँकर फिरवले, आणि बुधवारच्या बाजारात बायकांनी सुवर्णाताईंना यथेच्छ बोल लावले की तुमच्यामुळे धुणं राहिलं. त्यांनी ऐकून घेतलं. काय टळलं ते गावात कोणाला सांगायचं नाही असं दिल्लीने बजावलं होतं, तपास चालू होता म्हणून. ललितच्या संस्थेचंही तेच असतं, त्याने नंतर सांगितलं. काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची बातमी होत नाही. त्यांच्याकडून शेवटी सहा ओळींचा एक ई-मेल आला. त्यात शेवटची ओळ होती की संबंधित ऑपरेटरने आमच्या क्रमांकाविरुद्ध केलेली तक्रार कृपया मागे घ्यावी.

ताईंनी ती मागे घेतली, पण स्वतः हेल्पलाइनला फोन लावून.

मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. मी जुना प्रस्ताव फाडला आणि नवा लिहिला: दुरून चालवायची सोय बंद, संगणक बाहेरच्या जगापासून तोडलेला, हस्तचाचणी सक्तीची, आणि ऑपरेटरच्या तिन्ही जागा कायम. कंत्राट नको, कायम. समितीत त्यावर दोन तास खडाजंगी झाली. एक सदस्य म्हणाले की एकदा झालं म्हणून काय रोज होतं? कारभारी आप्पांनी खिशातून एक नळी काढून टेबलावर ठेवली. ताईंनी त्यांना दिलेली, बूच लावलेली. रंग तोवर उडाला होता, तरी त्या सदस्यांनी मुद्दा सोडला. ठराव पास झाला तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती.

ही बातमी समक्ष जाऊन द्यावी असं माझ्या मनात होतं, पण बावीस किलोमीटर थांबवेना. कार्यालयाच्या लँडलाइनवरून मी केंद्रात फोन लावला.

"ताई, राकेश बोलतोय. ठराव झाला. तुमची जागा कायम झाली."

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"ठेवा साहेब," त्या म्हणाल्या, "मी लावते."

मी रिसीव्हर ठेवला आणि त्याच्यापुढे बसून राहिलो. शिपायाने चहा आणला, तो निवला. दोन वाजून गेले. नळी भरली असेल, थेंब पडले असतील, रंग बघून झाला असेल, असा मी मनात हिशोब मांडत होतो. दोन सातला फोन वाजला.

"सुवर्णा ताजणे बोलतेय, केंद्रावरून. कोण बोलतंय?"

"मी राकेश, ताई."

"हां. आता सांगा."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. तीन जागा कायम, त्यातली पहिली तुमची, ठराव क्रमांक अमुक, अध्यक्षांची सही झाली.  मग नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा, आणि पुन्हा एकदा. एकोणीस वर्षांत त्या बाईला रडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि मीही पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"दोन आठ," त्या शेवटी म्हणाल्या. "थांबा साहेब, ठेवू नका. लिहून घेते."